गाडी खाली, माय वर

आनंदराज सोनकांबळे सरांच्या घरातली सगळ्यात चांगली खोली एका गाडीला दिलेली होती. तळमजला, रस्त्याकडे तोंड, गुळगुळीत शहाबादी फरशी, वर पंखा, मागे संडास-बाथरूम. गाडीला संडास कशाला, असं विचारू नका. खोली मुळात सरांच्या आईसाठी, सुमनबाईंसाठी बांधलेली. सुमनबाई उमरीचं घर सोडायला तयार नव्हत्या, तेव्हा सरांनी शब्द दिला होता, "माय, तुला रस्त्यावरची खोली. दार उघडलं की माणसंच माणसं." या एका शब्दावर त्या लातूरला आल्या. पाठोपाठ महिन्याभरात गाडी आली. "माय, आठ दिवस वर ऱ्हा. गाडीच्या शेडचं बघतो," सर म्हणाले. त्या आठ दिवसांना आता चौथं वर्ष लागलं होतं.

मधल्या काळात सुमनबाईंचे गुडघे गेले. पहिल्या मजल्यावर घर, त्याच्यावर दोन मजले सरांचा फिजिक्सचा क्लास, आणि सुमनबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या. खालून जाणाऱ्याला हाक मारायच्या. माणूस थांबायचा, मान वर करून दोन शब्द बोलायचा, मान दुखली की निघून जायचा. ज्या बाईनं उमरीत ओट्यावर बसून अख्ख्या वस्तीचे तंटे मिटवले, तिच्या वाट्याला आता लोकांची टाळकी आली होती. डॉक्टरांनी तर परवा जिनाच बंद सांगितला. त्या दिवशी चहा पिता पिता सुमनबाईंनी विषय काढला.

"आनंदा, तुही तांबडी चालत न्हाई. मी बी चालत न्हाई. मग तिला खाली अन् मला वर कामून?"

"गाडी चालते माय. रस्ते चालू देत न्हाईत."

यात सर खोटं बोलत नव्हते. गाडी लाल, दोन सीटची, पुण्याच्या एका बिल्डरच्या पोराकडून घेतलेली आणि इतकी बुटकी, की शेजारी मोटरसायकलवाला उभा राहिला तर त्याचा बूट आरशात दिसायचा. आणि लातुरात स्पीडब्रेकर महापालिका कमी आणि माणसं जास्त बांधतात. कुणाच्या म्हशीला रिक्षा घासली की दुसऱ्या दिवशी सिमेंट ओतून स्पीडब्रेकर तयार. त्याची उंची म्हशीच्या किमतीवर ठरते. सरांची गाडी पहिल्याच दिवशी दोन ठिकाणी पोटावर घासली, तेव्हापासून ती फक्त चौदा एप्रिलला मिरवणुकीत निघायची. त्या मिरवणुकीत तिचा वेग आणि पुढच्या ट्रॅक्टरचा वेग एकच असायचा. बाकी वर्षभर उंदीर तिची वायर खायचे आणि सर रविवारी तिला फडक्यानं पुसायचे.

मग घेतली कशाला? हेही सांगून टाकतो, लपवण्यासारखं काही नाही. समोरच्या क्लासच्या सरांनी एकदा मोठी पांढरी गाडी घेतली. लोक म्हणाले, "सरांनी प्रगती केली." आनंदराजनी त्याच वर्षी साधी दुचाकी बदलली, तर तेच लोक म्हणाले, "सोनकांबळे सर, कुठून आणली?" या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळत नसेल, त्याला लातूर कळलेलं नाही आणि देशही कळलेला नाही. आनंदराजना तो फरक मस्तकात गेला. त्यांनी लालभडक गाडी आणली, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलं आणि क्लासच्या जिन्याशेजारच्या खोलीत शटर वर करून उभी केली. विचारा आता, कुठून आणली.

कुणी विचारलं नाही. उलट प्रवेशाला येणारे आईबाप ती गाडी बघून गप्प व्हायचे आणि फी न कटकटता भरायचे. क्लासची पाटी वर होती, पण खरी पाटी खाली चार चाकांवर उभी होती. म्हणून तर पंचाईत.

"गाडी विकायची हे ठरलंय," विशाखा म्हणाली. सरांची बायको विशाखा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला गोल बोलता येत नव्हतं. "प्रश्न फक्त कधी, एवढाच."

"आत्ता प्रवेश चालू आहेत. गाडी गेली की लोक म्हणतील क्लास बुडाला."

"प्रवेश झाल्यावर?"

"तेव्हा लगेच दसरा. दसऱ्याला लोक गाड्या घेतात. आपण विकलेली बरी दिसेल का?"

"दसऱ्यानंतर?"

"मग भाव पडलेले असतात."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात चौदा एप्रिल नाही का?"

"म्हणजे वर्षात गाडी विकायला दिवसच न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. "बाकी मरायला सगळेच दिवस चांगले. इशाखा, मह्या मैताला तरी खाली न्या गं. का गॅलरीतून सोडताव?"

सरांनी मित्राचा सल्ला घ्यायचं ठरवलं आणि इथं गाडी रुळावरून घसरली. मित्र वीरेश, निलंग्याचा, मार्केट यार्डात आडत. सोयाबीनचा भाव वाढेल म्हणून यानं आपला माल गोदामात घालून ठेवलेला होता आणि भाव वाढण्याची वाट बघता बघता त्याचे केस पांढरे झाले होते. तरी त्याचा सल्ला बदलत नसे.

"यप्पा! आत्ता इकू नको," वीरेश म्हणाला. "माल घरात हाय तवर भाव आपला. बाजार चढू दे."

"भाऊजी," विशाखा म्हणाली, "सोयाबीन ठेवलं तर भाव चढतो तरी कधी कधी. गाडी ठेवून काय वाढतं? उंदीर."

"वहिनी, तुमाला बाजारातलं कळत न्हाई."

"मग बाजारातलं गिऱ्हाईक आणा. येत्या रविवारी. न्हाईतर मी शटरला कागद लावते, गाडी विकणे आहे म्हणून. मोठ्या अक्षरात."

ही धमकी बरोबर जागी बसली. सरांचा चेहरा उतरला. "कागद नको," ते म्हणाले. "गुपचूप करू. गल्लीला कळता कामा नये."

वीरेशनं आणलेलं गिऱ्हाईक नांदेडचं होतं. नाव पंढरी, मंगल कार्यालयाचा मालक. त्याला गाडी रस्त्यावर चालवायचीच नव्हती. कार्यालयाच्या हिरवळीवर नवरा-नवरी तिच्यातून उतरतील, फोटो निघतील, एवढंच तिचं काम. आयुष्यात एकही स्पीडब्रेकर नाही. गाडीच्या नशिबात असा जावई दुसरा मिळाला नसता.

रविवारी भर दुपारी, गल्ली जेवून लवंडलेली असताना, पंढरी आला. सरांनी शटर कमरेपर्यंतच उघडलं, गाडीचं दार उघडं ठेवलं, दिवा लावला. पण मराठवाड्यात दारात आलेल्या माणसाला आधी व्यवहार दाखवत नाहीत, आधी ताट दाखवतात. विशाखानं सगळ्यांना वर बोलावलं. भजी झाली, चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, चहा झाला, पंढरीचं सासर उदगीरचं निघालं, वीरेशच्या मावसभावाच्या ओळखीतलं निघालं, परत चहा झाला.

तेवढ्यात इकडे सुमनबाई उठल्या. आपली खोली मोकळी होणार म्हणजे कॉट कुठं टाकायची ते बघून ठेवलं पाहिजे. जिना बंद होता, पण डॉक्टरांनी उतरायचं बंद सांगितलं होतं, बसून सरकायचं नव्हे. त्या पायरीवर बसल्या आणि एकेक पायरी सरकत खाली गेल्या. शटरखालून वाकून आत शिरल्या. खिडकीखाली कॉट, इकडे माठ, इकडे बाबासाहेबांचा फोटो. सगळं डोळ्यांनी लावून झालं. एवढ्यात गुडघे कुरकुरले. खोलीत बसायला जागा एकच होती. सुमनबाईंनी उघड्या दारातून गाडीच्या सीटवर अंग टाकलं.

सीट खाली गेली. आणखी खाली गेली. सुमनबाईंना वाटलं आपण पाताळात चाललो. शेवटी बूड टेकलं तेव्हा गुडघे कानाला लागले होते. त्यांनी पाय आत ओढून घेतले आणि निवांत झाल्या. मग उठायला गेल्या. उठता येईना.

पंढरी, वीरेश आणि सर ढेकर देत खाली आले, तर गाडीत म्हातारी.

पंढरीनं टोपी मागं सारली. "सर, ही माय गाडीसंगं हाय का येगळी?"

"माय! तू हितं कशी?"

"बसून आले. आता उठीव मला."

सरांनी एक हात धरला, वीरेशनं दुसरा.

"ओढ!"

"आई गं! मुडद्यांनो, हात उपटून घेताव का? म्हशीला काढल्यावानी काढायलेत!"

"मावशी, जरा पुढं सरका."

"सरकाया काय ठिवलंय ह्यात? ही गाडी हाय का हौद?"

सुमनबाईंचा आवाज उमरीच्या पारावर तयार झालेला. कमरेएवढं शटर त्याला काय अडवणार? समोरच्या घरातून एक बाई आली, तिनं शटर खडखडत वर केलं आणि मागं वळून गल्लीला सांगितलं, "सरांच्या माईला गाडीत कोंडलंय!" पाच मिनिटांत दारात गर्दी. गर्दीच्या पुढेच, हातात बॅग आणि मुलीचा हात धरून, एक गृहस्थ उभे होते. निलंग्याचे धम्मानंद गायकवाड, तहसीलात कारकून. मुलगी साक्षी. नुकतेच एसटीतून उतरून प्रवेशाला आलेले.

"सर, हे पाहुणे कोण?" गर्दीतून पंढरीकडे बोट दाखवून कुणीतरी विचारलं. "गाडी बघायला आलेत का?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. गिऱ्हाईक म्हणावं तर क्लास बुडाल्याची बातमी संध्याकाळच्या एसटीनं निलंग्याला पोचणार. त्यांनी जे तोंडात आलं ते बोलून टाकलं.

"छे छे! पाहुणे आहेत. आम्ही... आईला फिरवायला नेतोय. तिची इच्छा होती."

"कवा?" सुमनबाई म्हणाल्या.

सरांनी दार धाडकन लावलं. आता नेण्यावाचून इलाज नव्हता. चाळीस डोळे बघत होते. किल्ली फिरवली. वायर खाल्लेली असूनही गाडी बेइमान झाली नाही, डरकाळी फोडून उठली. गर्दी दोन पावलं मागं सरली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुमनबाईंनी पदर सावरला आणि काचेतून बाहेर बघितलं. आज त्यांना टाळकी दिसत नव्हती. चक्क पाय दिसत होते.

"लई दिवसांनी माणसं जवळून बघायले," त्या म्हणाल्या. "अर्धी का होईना."

गाडी चार घरं गेली. रस्त्यापलीकडे तिथंच समोरचा क्लास. त्याच्या पुढे एक स्पीडब्रेकर होता, चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीचा. सरांनी ब्रेक मारला, वळवून तिरकी काढायला बघितली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि खर्रर्र करून पोट टेकलं. पुढची चाकं त्या बाजूला, मागची या बाजूला, मध्ये सिमेंट. एक्सलरेटर दाबला तर नुसता धूर. गाडी खाटेवर झोपलेल्या पैलवानासारखी पसरली.

वर समोरच्या क्लासच्या खिडकीत समोरचे सर येऊन उभे राहिले. चहाचा कप हातात घेऊन. त्यांनी सावकाश एक घोट घेतला. घोट घ्यायची पण एक पद्धत असते.

रविवारची टेस्ट सुटली होती. आनंदराजची पोरं जिन्यावरून धडाधडा खाली आली आणि गाडीभोवती कडं करून उभी राहिली.

"अरे बघता काय? उचला!"

"सर, कुठून उचलायची?"

"वस्तुमान केंद्र कुठं असेल, विचार करा. आजीचं वजन डावीकडे आहे."

पोरं विचार करायला लागली. विचार करता करता एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पहिल्या बाकावरचा, जिल्ह्यात नंबर येणारा पोरगा म्हणाला, "सर, ऑप्शन द्या ना. चार ऑप्शन दिले की सांगतो."

याला आपण शिक्षण म्हणतो, आणि त्यासाठी बाप रानं विकतात. असो. राग नंतर करू, आधी गाडी काढू.

तिकडे पंढरीची चुळबुळ सुरू झाली. त्याला संध्याकाळी नांदेडला एक साखरपुडा उरकायचा होता. तो वीरेशच्या कानाशी लागला, "भाऊ, पोट खरचटलं का न्हाई हिचं? आता भाव कमी होईल बघा. देणार का न्हाई तेवढं बोला."

"उघडं बोलू नका," वीरेश कुजबुजला. "लोक हायत."

कुजबुजणं आडतवाल्याला जमत नाही. सुमनबाईंना सगळं ऐकू गेलं. त्यांनी काच खाली घेतली. "ए बाबा. हिकडं ये. हात आन."

"काय माय?"

"हात आन म्हनते की."

पंढरी वाकला, आणखी वाकला, शेवटी उकिडवा बसला. सुमनबाईंनी त्याचा हात धरला आणि वरून पदर टाकला. पंढरीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो माळेगावच्या जत्रेला लहानपणापासून जाणारा माणूस. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालतात, बोटं धरतात, दाबतात, सोडतात. हजार माणसांत उभं राहून दोघांचा सौदा तिसऱ्याला कळत नाही. सुमनबाईंचे मालक नरसिंग भिडस्त होते, शेळी विकायला गेले की वर कोंबडी देऊन यायचे. म्हणून तो हात घालायचं काम सुमनबाईच करायच्या.

पदराखाली बोटं चालू झाली. वर दोघांचे चेहरे दगड.

"नाडी बघायलेत वाटतं," गर्दीतली एक बाई म्हणाली.

"बीपी वाढलं असंल. वारा घाला!"

एका पोरानं टेस्टच्या पेपरनं वारा घातला. धम्मानंद पाण्याची बाटली घेऊन धावले. पंढरीची भुवई वर गेली. सुमनबाईंनी मान हलवली. पंढरीनं सुस्कारा सोडला.

"लई खालावलीय का हो तब्येत?" धम्मानंदांनी हळूच विचारलं.

"लई ताणायली," पंढरी कळवळून म्हणाला.

आनंदराज सर मधे उभे. गाडी त्यांची, आई त्यांची, आणि काय चाललंय ते त्यांनाही कळेना. एकदा त्यांना वाटलं, पंढरीचं बोट आईनं मोडलं. मग पदर हलायचा थांबला. सुमनबाईंनी पंढरीच्या तळहातावर थाप मारली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इकली! आनंदा, किल्ली दे त्याला."

 वरच्या खिडकीतला कप हलायचा थांबला.

"सर," धम्मानंदांनी बॅग छातीशी धरली, "तुम्ही गाडी विकली? म्हणजे क्लासचं..."

 ज्या प्रश्नाला घाबरून तीन वर्षं आईला वर ठेवली, तो प्रश्न भर रस्त्यात, स्पीडब्रेकरवर, येऊन उभा राहिला होता. उत्तर गाडीतून आलं.

"क्लासला काय धाड भरलीय? मला खोली पायजे म्हनून इकली. माणसाची खोली गाडीला देऊन बसला होता येडा. कुठून आणली, कुठं गेली, ज्याला इचारायचं त्यानं मला इचारावं. मी हितंच हाय. उठताच येईना तर जातेय कुठं?"

गर्दी हसली. पोरंही हसली, आणि हसता हसता त्यांनी एकदम गाडीला हात घातला. ऑप्शन कुणी मागितले नाहीत. "एक, दोन, हेऽऽ!" गाडी उचलली गेली आणि सीट कमरेएवढी वर आली. सुमनबाईंनी दार उघडलं, पाय खाली सोडले आणि ओट्यावरून उतरावं तशा उतरून स्पीडब्रेकरवर उभ्या राहिल्या. इतका वेळ सगळे मायला गाडीतून काढत होते. खरं तर गाडी मायखालून काढायची होती.

दिवे लागायच्या आत टेम्पो आला आणि गाडी नांदेडला गेली. रक्कम किती ठरली ते सुमनबाईंनी विशाखाला सांगितलं, विशाखानं सरांना हळूच सांगितलं. सरांच्या अंदाजाच्या ती बरीच वर होती. सर जिन्याच्या पायरीवर बसले.

"चार महिने थांबला असतास तर..." वीरेशनं सुरुवात केली.

"भाऊजी," विशाखा म्हणाली, "तुमच्या गोदामातल्या सोयाबीनला मोड आले का?"

वीरेशनं चप्पल घातली.

त्याच संध्याकाळी कॉट खाली आली. माठ आला, फोटो लागला, शटर पूर्ण वर गेलं. रात्रीपर्यंत खोलीत बसायला जागा नव्हती. गल्लीतल्या बाया, भाजीवाली, हवा भरणारा, सगळे एकदा येऊन गेले. सुमनबाई इतकं बोलल्या की घसा बसला. विशाखा वर आली आणि म्हणाली, "झालं एकदाचं."

झालं असतं तर बरं होतं. पण क्लासचा जिना त्या खोलीवरूनच जातो हे सगळे विसरले होते.

पुढच्या रविवारी धम्मानंद परत आले, साक्षीला घेऊन. जिन्याकडे वळले, तोच कॉटवरून हाक आली.

"ए पोरी, हिकडं ये. नाव काय?"

"साक्षी."

"डाक्टर व्हायचंय?"

साक्षीनं बापाकडे बघितलं. बापानं फरशीकडे.

"त्याच्याकडं कामून बघायलीस? सुया त्याला टोचायच्या हायत का तुला?"

"आजी, मला वकील व्हायचंय," साक्षी म्हणाली. आवाज बारीक होता, पण वाक्य सरळ होतं. "रक्त बघितलं की मला चक्कर येते."

"मग ह्या पायऱ्या कामून चढायलीस, माय?"

 धम्मानंद कॉटच्या कडेला बसले. पाणी प्याले. तासाभरानं बापलेक दुपारच्या एसटीनं निलंग्याला परत गेले, आणि जाताना पोरगी दोन उड्या मारून गेली, हे वरून सरांनी डोळ्यांनी बघितलं. ते धावत खाली आले.

"माय! प्रवेश होता तो!"

"हाव. म्हनून तर इचारलं."

"आता असं कुणाला इचारू नको."

"माणसं दारातून जायली अन् बोलू नको? मग गॅलरीच काय वाईट होती?"

सरांनी महिनाभर सगळे उपाय केले. पडदा लावला, सुमनबाईंनी तो उशीला खोळ म्हणून शिवून घेतला. टीव्ही आणला; येणारी पोरं तो बघत खोलीतच रेंगाळायला लागली. पाचांतलं एक पोरगं खालूनच परत जायचं. एकाला शेती करायची होती, एकाला फौजेत जायचं होतं, एकाला नुसतं झोपायचं होतं. गाडी होती तेव्हा लोक तिला बघून वर चढायचे. आता मायला भेटून खाली उतरायचे.

आणि मग उलटंच सुरू झालं. औसा, अहमदपूर, कुठून कुठून आईबाप यायला लागले, आणि जिन्याकडे न बघता थेट कॉटकडे. "सर, तुमचं फीचं नंतर बोलू. आधी आजीला दाखवून घेतो लेकराला." जे पोरगं सुमनबाईंनी वर सोडलं, त्याचे आईबाप पेढे वाटायचे, अजून पोरानं पुस्तक उघडलेलं नसायचं. वर्गात आता ऑप्शन न मागणारी पोरं दिसायला लागली. सरांना शिकवताना मधेच मजा यायची आणि आपल्याला मजा येतेय म्हणून ते दचकायचे.

धंद्याचं असं असतं, एकाचं चाललं की दुसरा ते उचलतो. एकानं एसी लावला, सगळ्यांनी लावला. एकानं टॉपरचे फोटो लावले, दुसऱ्यानं तेच फोटो लावले. दिवाळीनंतर समोरच्या क्लासच्या खालच्या हॉलमध्ये एक दिवाण आला, लोड आले आणि बाहेर बोर्ड लागला: 'विद्यार्थ्यांसाठी ज्येष्ठांचे मार्गदर्शन'. आठवड्याभरानं समोरच्या सरांच्या मातोश्री उमादेवी गावाहून आल्या. इरकल नेसून लोडाला टेकून बसल्या. पोरं आली, नमस्कार करून गेली. उमादेवींनी पोरांना काय विचारायचं ते लेकानं कागदावर लिहून दिलं होतं. पहिला दिवस त्यांनी जांभया देत काढला. दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडून हसण्याचा आवाज येत होता तिकडे बघत काढला. तिसऱ्या दिवशी लोड रिकामे.

समोरच्या सरांनी आधी घरात शोधलं, मग गच्चीवर. मग रस्ता ओलांडून आले. आनंदराजच्या दारात ते उभ्या जन्मात आले नव्हते. खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी आत बघितलं. कॉटवर दोघी मांडी घालून, मधे एकच ताट, आणि त्यांची आई शेवटचा तुकडा पुसून खात होती.

"आई," समोरचे सर शुद्ध आवाजात म्हणाले, "जेवायला चल. वाट बघत आहेत सगळे."

"जेवले की," उमादेवी म्हणाल्या.

"कुठे?"

"दिसत नाही का? इथेच. कालही इथेच जेवले."

 आनंदराज जिन्यावर उभे राहून बघत होते. आपल्या घरचं अन्न म्हटलं की लोक कसे मागं सरतात, याची त्यांना इतक्या वर्षांची सवय होती, म्हणून त्यांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"तुमी बी या की सर," सुमनबाई म्हणाल्या. "भाकर ऊन हाय. इशाखानं आत्ताच टाकली."

समोरच्या सरांनी उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. गल्ली जेवून लवंडली होती. त्यांनी एका पायातली चप्पल काढली, दुसरी तशीच ठेवली आणि घसा साफ करून विचारलं,

"कोरड्यास कशाचं हाय?"